वाद्यसंगीताच्या रचनेची नोंद कशी करायची

ग्रंथालयाच्या सूचीत पाश्चात्य वाद्यसंगीताची रचना नोंदवताना आधी एवढं बघा की रचनेला संगीतकाराने स्वतः वेगळं नाव दिलंय की नुसतं सिम्फनी, सोनाटा असं प्रकाराचं नाव आहे. वेगळं नाव असेल तर तेच घ्या, विषय संपला. नसेल तर क्रम साधारण असा लावायचा, आधी प्रकार, मग वाद्यं, मग क्रमांक, ओपस (संगीतकाराच्या रचनांना प्रकाशनाच्या वेळी दिलेला नंबर) किंवा त्याच्या रचनांच्या यादीतला कॅटलॉग नंबर आणि शेवटी सूरपट्टी, म्हणजे सी मायनर वगैरे. नुसत्या क्रमांकावर मात्र विसंबू नका हां, द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी आधी 5 नंबरची म्हणून छापली होती आणि आता सगळे तिला 9 म्हणतात, कारण आधीच्या सिम्फनी नंतर मोजणीत आल्या, त्यामुळे ओपस 95 लिहिलं की गोंधळच नाही. मोझार्टसाठी कोशेलने केलेल्या त्याच्या रचनांच्या यादीतला नंबर (यादी 1862 ची), बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर. बाखचे नंबर मुळात प्रकारानुसार लावलेत, काळानुसार नाही, त्यावरून साल काढायला जाऊ नका. टोपणनावांचं म्हणाल तर 'मूनलाइट' हे नाव बेथोव्हेनने त्याच्या त्या पियानो सोनाटाला दिलेलंच नाही, मुख्य नोंदीत ते नको, पण शोधणारा तेच टाइप करणार ना, म्हणून तिथून ओपस 27 नंबर 2 कडे 'पहा' अशी नोंद ठेवाच.