आठवीला निवासी कर्णबधिर शाळेत मूल पाठवताना: सोलापूरच्या पालकांसाठी तयारीची यादी

मुलाची विशेष शाळा सातवीपाशी संपत असेल, तर आठवी ते दहावीसाठी कर्णबधिर मुलांच्या निवासी माध्यमिक शाळेत अर्ज करावा लागतो आणि घरोघरी ही धावपळ सुरू होते ती नेमकी मे महिन्यात. तोवर उशीर झालेला असतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, वसतिगृहात जागा मोजक्या असतात आणि एका कागदासाठी दुसरा कागद लागतो. मी विशेष शिक्षिका आहे. आमच्याकडची सातवीची मुलं पुढे जाताना त्यांच्या आईवडिलांसोबत बसून मी फॉर्म भरते. माझं सांगणं एवढंच, दिवाळीची सुट्टी संपली की तयारीला लागा.

सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि प्रमाणपत्र, दोन्ही कपाटातून काढून त्यावरची मुदत वाचा. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरतं असतं आणि त्यावर पुन्हा तपासणीची तारीख असते. ती उलटून गेली असेल तर स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करायचा आणि तपासणीला जायचं. शहरात ही तपासणी आपल्या सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होते. करमाळा किंवा माळशिरसहून येणार असाल तर कुठल्या वारी तपासणीचं वैद्यकीय बोर्ड बसतं हे आधी विचारून घ्या, नाहीतर रोजगार बुडतो आणि काम तसंच राहतं. तपासणीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवून मळ काढून घ्या. कानातून पू येत असेल तर आधी उपचार करा. मळाने भरलेल्या कानाची तपासणी खरी येत नाही.

तपासणीनंतर मिळतो तो ऑडिओग्राम. हा कागद पालकांनी स्वतः वाचायला शिकलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आलेखावर लाल गोल खुणा उजव्या कानाच्या आणि निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडून उजवीकडे जावं तसा आवाज जाडाचा बारीक होत जातो आणि वरून खाली यावं तसा मोठा होत जातो. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज तुमच्या मुलाला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकायला कमी येणारे, अशी विभागणी आहे. मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, लावून केलेली तपासणीही त्याच कागदावर मागून घ्या. मशीन लावल्यावर मुलाला काय मिळतं हे नव्या शाळेतल्या शिक्षकांना त्यावरूनच कळतं. जुने ऑडिओग्राम टाकून देऊ नका, वर्षावार एकाच फाइलमध्ये लावा.

आता नाव. आपल्याकडे याच एका गोष्टीने जास्तीत जास्त अर्ज अडतात. जन्मदाखल्यावर सिद्धाराम, आधारवर सिद्राम, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव श्रीशैल आणि यूडीआयडीवर श्रीशैल्य. आडनाव एकीकडे म्हेत्रे, दुसरीकडे मेत्रे. तेलुगू आणि कन्नड घरांतली नावं मराठीत आणि इंग्रजीत लिहिताना प्रत्येक टेबलावर वेगळी होतात. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षरनअक्षर जुळतात का ते बघा. जुळत नसेल तर आधी शाळेच्या जनरल रजिस्टरला काय आहे ते विचारा आणि आधार व यूडीआयडी त्याप्रमाणे करून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव शाळेतूनच जातं आणि तिथली चूक पुढे फार छळते.

बाकीचे कागद चटकन सांगते. सातवीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचा सरल (विद्यार्थी नोंदणी) क्रमांक, आईवडिलांचे आधार, रेशनकार्ड, लागू असेल तर जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं आणि फोटो. उत्पन्नाचा दाखला एका वर्षाचा असेल तर ३१ मार्चनंतर चालत नाही, म्हणून तो एप्रिलमध्ये काढा. शाळा सोडल्याचा दाखला मात्र नव्या शाळेने प्रवेश पक्का केल्याशिवाय काढू नका. मूळ कागद कुठल्याही शाळेत ठेवून येऊ नका. झेरॉक्सचे तीन संच करा आणि मूळ फक्त दाखवून परत घ्या.

पैशाचं बोलू. २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार ६ ते १८ वर्षांच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, की शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि राहणं-जेवण अनुदानातून होतं का. कोणी देणगी मागितली तर पावती मागा. शंका आली तर जिल्हा परिषदेत दिव्यांग कल्याणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाऊन शाळेची मान्यता विचारा. विचारायला लाजू नका.

कागद झाले की शाळा बघायला जा, आणि मुलाला सोबत न्या. सुट्टीच्या दिवशी नाही, भरत्या शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून सगळं कळत नाही. मधली सुट्टी होईपर्यंत थांबा आणि पटांगणाच्या कडेला उभे राहा. मुलांचे हात चालू आहेत का? मोठी मुलं लहानांना गोष्टी सांगतायत का, भांडतायत का, हसतायत का? मग स्वयंपाकघराकडे जा. भात वाढणाऱ्या मावशी मुलाशी खुणांनी बोलतात, की नुसतं ताट पुढे सरकवतात? रात्रीच्या मदतनीसांना खुणा येतात का? शिक्षक दिवसाचे पाच-सहा तास असतात, उरलेला सगळा वेळ मूल या माणसांच्या ताब्यात असतं. ज्या वसतिगृहात मदतनीसाला मुलाचं बोलणं कळत नाही, तिथे पोटात दुखतंय हे सांगायलाही मुलाला सकाळपर्यंत थांबावं लागतं. माझ्या मते इमारत, संगणक कक्ष, ट्रॉफ्यांचं कपाट हे सगळं नंतर बघावं. आधी मुलाशी कोण कोण बोलू शकतं ते बघावं.

वर्गातही पाच मिनिटं बसू द्या म्हणून विनंती करा. शिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलतायत का? उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडतोय की खिडकी त्यांच्या पाठीमागे आहे? बाकं अर्धगोलात आहेत का, म्हणजे एका मुलाने उत्तर दिलं तर बाकीच्यांना ते दिसतं? शाळा फक्त तोंडी पद्धतीने शिकवते, खुणांच्या भाषेतून शिकवते की दोन्ही वापरते, हे स्पष्ट विचारा. तुमचं मूल मशीनवर चांगलं ऐकत असेल, बोलत असेल, तर वाचा-श्रवण तज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात हेही विचारा. मूल खुणांत वाढलेलं असेल तर त्याचे हात बांधून ठेवणारी शाळा निवडू नका. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पालक म्हणून विचारता येतं.

दहावीचे विषय आठवीलाच विचारा. कर्णबधिर मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट मिळू शकते आणि बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. या सवलती मुलाच्या हक्काच्या आहेत, त्या घ्याव्यात. पण सवलतीच्या नावाखाली पूर्ण गणित आणि विज्ञान सोडायला लावून सोपे विषय देण्याकडे कल असेल तर सावध व्हा. मुलाची आवड आणि कुवत असेल तर त्याला गणित पूर्ण मिळालं पाहिजे, नाहीतर पुढे बऱ्याच अभ्यासक्रमांची दारं बंद होतात. मागच्या दोन-तीन वर्षांत दहावी झालेली मुलं आता कुठे आहेत, हा प्रश्न विचारा. ज्या शाळेला आपली मुलं कुठे गेली ते माहीत आहे, तिथले मुख्याध्यापक नाव-गाव घेऊन सांगतात.

वसतिगृह पायांनी फिरून बघा. रात्री आग लागली तर घंटा ऐकू न येणाऱ्या मुलांना उठवणार कसं, लुकलुकणारे दिवे आहेत की कोणी हलवून उठवतं? मुलींच्या मजल्यावर रात्री बाई मदतनीस राहतात का? न्हाणीघराच्या कड्या आतून लागतात का? आणि घरून निघण्याआधी मुलाला, मुलग्यालाही, शरीराच्या सगळ्या भागांच्या खुणा यायला हव्यात. कोणी नको तिथे हात लावला तर ते कोणी, कुठे, केव्हा हे सांगता आलं पाहिजे. पालकांना याचा संकोच वाटतो, मला कळतं. पण ज्या मुलाकडे सांगायला खुणाच नाहीत त्याचाच गैरफायदा घेतला जातो. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. हे तुम्हालाही माहीत असू द्या.

आता मुलाची तयारी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगते, आणि पालक नेमका इथेच सगळ्यात कमी देतात. घरात महिनाभर चर्चा चालते, मामा येतात, पेटी आणली जाते आणि ज्याला जायचंय त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. एके दिवशी त्याला एसटीत बसवून नेतात आणि फाटकाशी सोडून येतात. आपल्याला घरातून काढून टाकलं, असंच त्या मुलाला वाटतं. म्हणून कॅलेंडर भिंतीवर लावा. शाळेचा, खोलीचा, भेटलेल्या बाईंचा फोटो काढून आणलेला असेल तो जायच्या तारखेवर चिकटवा. परत यायच्या तारखेवर घराचा फोटो चिकटवा. आमच्या वर्गात गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, म्हणायचं तर मुलं कमरेशी नंदीध्वज पेलल्यासारखे दोन्ही हात धरतात आणि मान वर करतात. ती खूण करून जानेवारीवर बोट ठेवलं की मुलाला बरोबर कळतं. मात्र यात्रेला सुट्टी मिळेल की नाही ते शाळेला आधी विचारा. नक्की नसलेली तारीख कॅलेंडरवर लावू नका. आणि मुलाला शाळा आवडली का, हे त्याला विचारा. नको म्हणाला तर का नको, ते पूर्ण बघा. त्याने तिथे असं काही पाहिलेलं असू शकतं जे तुमच्या नजरेतून सुटलं.

घरच्या खुणा हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या घरात आई तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड, शाळेत मराठी. मूल ओठ वाचतं ते या सगळ्यातून वाट काढत. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या. औषधासाठी, पाळीसाठी, भीतीसाठी, आजीसाठी तुमचं मूल काय खूण करतं, ते मोबाईलवर चित्रित करा आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना पाठवा. घरी कुठली भाषा बोलतात हे अर्जासोबत लिहून द्या. आणि घरच्यांनीही शिकायला लागा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा व्हिडिओ कोश केला आहे, तो मोफत बघता येतो. मूल वसतिगृहात गेलं की चार-पाच महिन्यांत त्याची भाषा झपाट्याने वाढते आणि दिवाळीला घरी आल्यावर त्याचं बोलणं घरच्यांनाच कळत नाही. रोज जेवताना पाच शब्द शिका. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, किती वाजता लावू देतात हे ठरवून घ्या, कारण नुसत्या फोनचा या मुलांना उपयोग नाही. घरात साधाच फोन असेल तर शेजारच्या ताईंशी आत्ताच बोलून ठेवा.

पेटी भरताना सगळ्यात आधी मशीन. मशीनचा क्रमांक लिहून फोटो काढून ठेवा. मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा, सैल झाला की मशीन शिट्टी मारतं आणि मग मुलं ते काढून खिशात ठेवतात. म्हणून जाण्याआधी नवीन माप देऊन मोल्ड करून घ्या. सेलची पाकिटं तीन महिने पुरतील इतकी द्या. सेलवरचं स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग मशीनमध्ये घालायचा, हे मुलाच्या हाताने करवून घ्या. एकदा स्टिकर काढलं की मशीन बंद ठेवलं तरी सेल उतरतो, म्हणून उगाच काढू नये हेही शिकवा. आपल्या उन्हाळ्यात कानामागे घाम साचतो, म्हणून रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय लावा. कपड्यांवर मार्करने लिहिलेलं नाव धुऊन जातं, दोऱ्याने विणा. चादर घरचीच द्या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डबाभर द्या, ती टिकते आणि खोलीतली पोरं तिच्याभोवती लगेच जमतात.

जाण्या-येण्यासाठी एसटीत ७५ टक्के सवलत आहे, तिचं कार्ड काढून ठेवा. प्रवेश झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांच्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज शाळेकडून भरून घ्या. ती नववी-दहावीसाठी असते आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असावं लागतं. दहावीचा फॉर्म भरताना भाषेची सूट आणि जादा वेळ नोंदवले गेलेत का, ते फॉर्मची प्रत हातात घेऊन स्वतः बघा. आणि पहिल्या भेटीच्या रविवारी काहीही झालं तरी जा, ठरलेल्या वेळेआधी पोहोचा. मूल सकाळपासून फाटकाकडे बघत उभं असतं.