नॉर्दर्न लाइट्सचे फोटो: आधी जमीन ठरवा, मग आकाश

नॉर्वे, फिनलंड किंवा आइसलँडहून आलेल्या ओळखीच्या मंडळींचे फोटो आता आपल्यालाही सवयीचे झाले आहेत. वर हिरवं आकाश, खाली काळी पट्टी. दहावा फोटो पहिल्यासारखाच दिसतो. कॅमेरा चांगला असतो, सेटिंगही बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. कमी पडते ती रचना. फ्रेममध्ये काय घ्यायचं, कुठे ठेवायचं आणि किती, हे कडाक्याच्या थंडीत बसमधून उतरल्यावर सुचत नाही. ते आधी हातात बसलेलं असावं लागतं, आणि त्याचा सराव साताऱ्यात उत्तम होतो. ध्रुवीय प्रकाश, म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स, इथे दिसत नसला तरी रात्र आहे, डोंगर आहेत, पाणी आहे. फोटोचा अर्धा भाग तोच असतो.

पायरी १: प्रकाशाची चाल समजून घ्या

सूर्याकडून आलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वातावरणात शिरतात आणि चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात हा प्रकाश उमटतो. नॉर्वेतलं ट्रॉम्सो, स्वीडनमधलं आबिस्को, अलास्कातलं फेअरबँक्स ही गावं त्या कड्याच्या टप्प्यात येतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा रंग देतो, २०० किलोमीटरच्या वरचा लाल. खालच्या कडेला कधीकधी दिसणारी गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. म्हणजे उंच पट्ट्याचा लाल माथा हवा असेल तर फ्रेममध्ये वर जागा सोडावी लागते. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि माथा कापला जातो.

रचनेच्या दृष्टीने तीन रूपं लक्षात ठेवा. शांत वेळी उत्तरेला, क्षितिजापासून थोडी वर, पूर्व-पश्चिम पसरलेली कमान असते. जोर वाढला की ती वर सरकते, तिला घड्या पडतात, उभे पट्टे लहरू लागतात. आणि फार जोर असला की प्रकाश डोक्यावर येतो, एका बिंदूतून चहूकडे किरण फाकल्यासारखा दिसतो. त्याला करोना म्हणतात. कमानीला आडवी फ्रेम लागते, उभ्या पट्ट्यांना उभी. करोनासाठी कॅमेरा जवळजवळ सरळ वर करावा लागतो. ट्रॉम्सोत करोनाचा मध्य अगदी माथ्यावर नसतो, थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या तो पाठीमागे जातो, म्हणून मधूनमधून मागे वळून पाहायची सवय आत्तापासूनच लावा.

पायरी २: मुठीने आकाश मोजा

हात ताठ पुढे केला तर मूठ आकाशातले अंदाजे १० अंश झाकते. साताऱ्यातून ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे १८ अंशांवर, म्हणजे दोन मुठींना थोडा कमी. ट्रॉम्सोत तोच जवळजवळ ७० अंशांवर असतो. फुल फ्रेम (३६ x २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिमीची रुंद लेन्स आडवी धरली तर फ्रेमची उंची साधारण सहा मुठी भरते. क्षितिज खालच्या चौथाईवर ठेवलं की दीड मूठ जमीन आणि साडेचार मुठी आकाश. गच्चीवर उभं राहून हे चार-पाच संध्याकाळी करून पाहा. नंतर कॅमेरा डोळ्याला न लावताच कळतं की समोरची कमान फ्रेममध्ये मावेल की लेन्स बदलायला हवी. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनीही आपल्या मोबाइलची फ्रेम किती मुठींची आहे ते एकदा मोजून ठेवावं.

क्षितिज मधोमध ठेवू नये, हा नियम चांगला आहे. शांत पाण्यात पूर्ण प्रतिबिंब असेल तेव्हा मात्र तो बेलाशक मोडा.

पायरी ३: साताऱ्यातल्या रात्री वापरा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत, अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा.

वस्तू एकमेकींपासून सुटी ठेवायला चाळकेवाडीच्या पठारासारखी जागा नाही. पवनचक्क्या एकामागे एक येतात, पाती एकमेकांत गुंततात आणि अंधारात सगळ्याचा एकच काळा गोळा होतो. चार पावलं डावीकडे सरका, दोघींच्या मध्ये आकाशाची फट येते आणि चित्र मोकळं होतं. रात्रीच्या फोटोत बहुतेक वस्तू नुसत्या काळ्या आकृती असतात, त्यामुळे त्यांची बाह्यरेषा स्वच्छ असणं हेच त्यांचं सौंदर्य. नॉर्वेतली पाइनची झाडं, तिथल्याच लोफोटेन बेटांवरच्या कोळ्यांची लाकडी घरं, सगळीकडे हाच सराव कामी येतो.

नजरेला आत नेणाऱ्या रेषांसाठी वाईजवळचा मेणवलीचा घाट घ्या. कृष्णेकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या कॅमेरा उंच ठेवला तर सपाट पट्ट्या दिसतात. गुडघ्याच्या उंचीवर आणून जरा तिरका धरला की त्याच पायऱ्या पाण्याकडे आणि तिथून आकाशाकडे नेतात. उत्तरेत हेच काम बर्फातल्या पाऊलखुणा, कुंपण, गोठलेला ओढा करतो. फक्त ती रेष प्रकाश जिथे आहे त्या बाजूला जायला हवी. फ्रेमच्या कडेतून बाहेर पडणारी रेष नजरेलाही बाहेर नेते.

पाण्यासाठी कण्हेर धरणाचा जलाशय आहे. वारा नसेल तेव्हा काठाशी अगदी खाली बसून डोंगराची ओळ आणि तिचं प्रतिबिंब पाहा. पाण्यातल्या ताऱ्यांना जागा मिळेल इतकं पाणी घेतलं तरच प्रतिबिंबाला अर्थ येतो.

कासचं पठार मात्र यातून वगळा. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे आणि तिथली नाजूक झाडं अंधारात पायाखाली येतात. बाकी ठिकाणीही जवळच्या वस्तीवर आधी कुणाला तरी सांगून जा. रात्री रानात अनोळखी बॅटऱ्या हलताना दिसल्या तर लोक विचारणारच, आणि ते रास्त आहे. बिबट्याचा वावर असतो, तेव्हा एकट्याने जाऊ नका.

आकार बदलणाऱ्या प्रकाशाचा सराव कसा करायचा? सूर्य मावळल्यावरचे ढग घ्या. ट्रायपॉड लावून, फोरग्राउंड, म्हणजे फ्रेममधला जवळचा भाग, पक्कं करून बसा आणि ढगाचा आकार जमिनीवरच्या झाडाशी किंवा दीपमाळेशी जुळेल तेव्हाच बटण दाबा. एका जागी थांबून योग्य क्षण निवडायचा, हेच तिथे करायचं असतं.

पायरी ४: जागा दिवसा पाहून ठेवा

ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तरी दुपारी काही तास संधिप्रकाश असतो. तो जागा शोधण्यासाठी वापरा. होकायंत्र काढा आणि उत्तरेला काय येतं ते पाहा. सुंदर डोंगर दक्षिणेला असेल तर कमानीच्या रात्री त्याचा उपयोग नाही, डोक्यावरच्या प्रकाशाच्या रात्री आहे. रस्त्यावरचे दिवे आणि येणाऱ्या गाड्या कुठून चमकतील तेही आत्ताच दिसतं.

रुंद लेन्समध्ये दूरचा डोंगर बारीक होतो, म्हणून जवळ काहीतरी हवं: दगड, होडी, एखादं झाड. पण किती जवळ? २० मिमीची लेन्स आणि एफ २.८ (लेन्सचं छिद्र बरंच उघडं) असताना ताऱ्यावर फोकस केला तर साधारण ५ मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे दगड सात-आठ पावलांवर ठेवा. त्याहून जवळ हवा असेल तर त्याच्यावर फोकस करून दुसरा फोटो काढावा लागेल आणि घरी दोन्ही जोडावे लागतील. पहिल्या खेपेला त्यात पडू नये असं मला वाटतं.

पायरी ५: प्रत्यक्ष रात्री

ग्रुप टूरची बस रस्त्याच्या कडेला थांबते आणि सगळे तिथेच ट्रायपॉड उघडतात. गाइडला विचारून, सुरक्षित वाटेने थोडं दूर जा, बसच्या उजेडापासून आणि इतरांच्या हेडलॅम्पपासून. आपला हेडलॅम्प लाल उजेडावर ठेवा. जादा बॅटरी आतल्या खिशात, थंडीत ती लवकर उतरते.

आकाशात काही नसलं तरी फ्रेम लावून घ्या. क्षितिज सरळ आहे का, कडेला कुणाची बॅग आली आहे का, हे चाचणीच्या फोटोत मोठं करून पाहा. आता प्रकाश आला की हात फक्त शटरवर.

शटरचा वेळही रचनेचाच भाग आहे. मंद कमानीला ८ ते १५ सेकंद चालतात. पट्टे वेगाने लहरू लागले की तेवढ्या वेळात त्यांच्या घड्या पुसल्या जातात आणि नुसता हिरवा धूर उरतो. तेव्हा २ ते ४ सेकंदांवर या, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा. थोडी कणी आली तरी चालेल, आकार टिकला पाहिजे.

चंद्राला घाबरू नका. अर्धा चंद्र तुमच्या पाठीशी, दक्षिणेला असेल तर बर्फाळ जमिनीला रूप येतं आणि झगझगीत प्रकाशही हरवत नाही. माणूस फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर लहान ठेवा, उंचवट्यावर आकाशासमोर उभा करा, पाय किंचित फाकलेले. शटर उघडं असेपर्यंत त्याने हलायचं नाही. घरच्या माणसांना हे आधीच समजावून सांगा, तिथे थंडीत कुणाचं ऐकण्याची मनःस्थिती नसते.

करोना सुरू झाला की ठरवलेली फ्रेम सोडून द्या. कॅमेरा वर वळवा, कोपऱ्यात झाडांचे शेंडे किंवा छपराची कड घ्या. त्याशिवाय तो किती मोठा होता हे बघणाऱ्याला कळणार नाही. हा खेळ काही मिनिटांत ओसरतो.

पायरी ६: घरी निवडताना

सगळे फोटो आधी अगदी लहान आकारात पाहा. एवढ्याशा चित्रातही जमीन आणि प्रकाश वेगवेगळे ओळखू येत असतील तर रचना जमली आहे. एकाच जागेच्या फोटोंतला एकच ठेवा, ज्यात प्रकाशाचा आकार खालच्या वस्तूशी काही बोलतो तो. क्षितिज सरळ करा, कडा तपासा. हिरवा रंग मात्र वाढवू नका. तो वाढला की बर्फही हिरवं होतं आणि जमिनीवर घेतलेली सगळी मेहनत त्याखाली जाते.