टोर्नेडो आला तर: जीवावर बेतणाऱ्या या चुका टाळा

मराठीत टोर्नेडोला सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात आणि गफलतीला तिथूनच सुरुवात होते. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, त्याची वर्दी काही दिवस आधी लागते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. इशारा मिळालाच तरी हाताशी बहुतेक वेळा पंधरा मिनिटंही नसतात. त्यामुळे लपायचं कुठे, हे आकाश स्वच्छ असतानाच ठरलेलं हवं.

इशारा ऐकून खात्री करायला बाहेर जाणं. सगळ्यात जास्त जीव घेणारी चूक हीच असावी, असं मला वाटतं. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतरच्या सरकारी तपासात दिसलं की पहिला भोंगा ऐकूनही बरेच जण दुसऱ्या कुठल्या तरी खुणेची वाट पाहत थांबले होते. टोर्नेडोची सोंड दिसेल मग पळू, हा हिशेब चुकतो, कारण पावसाच्या पडद्याआड किंवा अंधारात ती दिसतच नाही. आणि दिसली, पण डावीउजवीकडे सरकत नसेल, तर ती जागच्या जागी उभी आहे असं समजू नका. बहुधा ती तुमच्याच दिशेने येत असते.

अमेरिकेत ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोन शब्द वापरतात. वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, तयार राहा. वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारने पकडलाय. हातातलं काम टाका आणि आडोसा गाठा.

फक्त भोंग्यावर विसंबणं. ते भोंगे मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी बसवलेले असतात. बंद खोलीत गाढ झोपलेल्या माणसाला ते ऐकू येतीलच असं नाही. धोक्याच्या दिवसांत रात्री मोबाइलवरचे आपत्कालीन इशारे चालू ठेवा. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ असेल तर उत्तम.

खिडक्या उघडत बसणं. आतबाहेरचा दाब सारखा झाला की घर फुटत नाही, ही जुनी समजूत साफ चुकीची आहे. घर मोडतं ते वाऱ्याने आणि त्याच्यासोबत येणाऱ्या पत्र्यांनी, लाकडांनी. खिडकीशी गेलात की अंगावर काचा येणार, वर मोलाचा अर्धा मिनिट वाया. नैऋत्येचा कोपरा सुरक्षित असतो, हेही तसंच, निराधार. तळघर असेल तर तिथे जा, पण वरच्या मजल्यावर फ्रिजसारखी जड वस्तू असेल त्याखाली बसू नका. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, बिनखिडकीची लहान खोली निवडा: बाथरूम, कपड्यांची खोली, जिन्याखालची जागा. गुडघ्यांवर वाकून बसा, मान आणि डोकं हातांनी झाका, वरून गादी किंवा जाड रजई ओढा. सायकलचं हेल्मेटही डोकं वाचवू शकतं, मात्र पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा.

मोबाइल होम, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेलं घर, कितीही घट्ट बांधलेलं असो, त्यात थांबू नका. जवळची पक्की इमारत आधीच हेरून ठेवा आणि वॉच लागताच निघा.

गाडीने पळणं, उड्डाणपुलाखाली थांबणं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळचा टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि त्या संध्याकाळी घर सोडून निघालेल्यांच्या गाड्या रस्त्यांवर खोळंबल्या होत्या. उड्डाणपुलाचं तर विचारूच नका. पुलाखालच्या अरुंद फटीतून वारा आणखी जोराने घुसतो आणि उडणारा माल थेट अंगावर येतो. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोत पुलांखाली आसरा घेतलेली माणसं दगावली. रस्त्यात गाठलंच आणि जवळ इमारत नसेल, तर पट्टा लावून, खिडकीच्या पातळीखाली डोकं झाकून गाडीतच वाका. रस्त्यापेक्षा बरीच खोल चर शेजारी असेल तर त्यात पालथं पडा.

सराव न करणं. एकदा रात्री दिवे बंद करून, झोपलेल्या मुलाला उचलून ठरलेल्या जागेपर्यंत चालून बघा. दाराशी काय आडवं येतं, टॉर्च कुठे आहे, मांजर पलंगाखाली दडते का, सगळं लगेच कळतं. त्या जागेत घरातल्या प्रत्येकाचे जाड तळाचे बूट ठेवा. वादळ गेल्यावर ढिगाऱ्यात खिळे वर तोंड करून असतात आणि अनवाणी बाहेर पडलेल्यांचे पाय त्यांवरच पडतात. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. लोंबत्या तारांपासून लांब राहा.

आणि बुटांत एक शिट्टी टाकून ठेवा. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी मात्र श्वास आहे तोवर वाजत राहते.