घर विकताना एजंट हलेनासा झाला, तर

एजंट काम करत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी तो नेमके कोणते काम करत नाही, हे आपल्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘घर कधीपासून पडून आहे’ या वाक्यातून मनस्ताप कळतो, कारण कळत नाही. आणि कारण कळल्याशिवाय एजंट बदलला, तर नवा माणूसही त्याच ठिकाणी अडकतो. त्यात मधला वेळ आणि घराचे नवेपण, दोन्ही वाया जातात.

कारण शोधण्याचा मार्ग तसा सरळ आहे. जाहिरात लोकांच्या नजरेस पडते, त्यांतले काही चौकशी करतात, चौकशी करणाऱ्यांतले काही घर पाहायला येतात, पाहून गेलेल्यांतले एखाद-दुसरे पुन्हा येतात आणि त्यांतून कोणीतरी रक्कम बोलून दाखवतो. या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर माणसे गळतात, ते पाहावे. जाहिरात फारशी कोणी पाहतच नसेल, तर ती चुकीच्या विभागात पडली असण्याची किंवा किंमत शोधणाऱ्यांच्या पट्ट्याबाहेर गेली असण्याची शक्यता असते. संकेतस्थळांवर लोक ठरावीक गोल आकड्यांच्या मर्यादा घालून घरे शोधतात, त्यामुळे गोल आकड्याच्या किंचित वर किंमत ठेवली की त्या मर्यादेपर्यंत शोधणाऱ्या सगळ्यांना आपले घर दिसेनासे होते. जाहिरात पाहिली जाते पण चौकशी होत नाही, असे असेल तर दोष बहुधा छायाचित्रांत, मजकुरात किंवा किमतीत असतो. चौकशी होते पण कोणी घर पाहायला येत नाही, याचा अर्थ आलेले फोन उचलले जात नाहीत किंवा उलट फोन केले जात नाहीत, आणि हा दोष जवळजवळ पूर्णपणे एजंटाचा असतो. माणसे येऊन पाहतात पण पुढे बोलत नाहीत, तेव्हा जाहिरातीतले घर आणि प्रत्यक्षातले घर यांत अंतर आहे किंवा मागितलेली रक्कम घर पाहिल्यावर पटत नाही, असे समजावे. आणि रक्कम ठरूनही सौदे फिसकटत असतील, तर कागदपत्रे अपुरी आहेत का आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाची कर्जाची तयारी एजंट आधी तपासतो का, हे विचारावे.

हे आकडे एजंटाकडे असायलाच हवेत. किती चौकश्या आल्या, किती जणांनी घर पाहिले, पाहून गेल्यावर प्रत्येकजण काय म्हणाला आणि त्यांना पुन्हा फोन कधी केला, एवढी माहिती त्याच्याकडून लेखी मागावी. नेकीने काम करणारा एजंट ती एक-दोन दिवसांत देतो. ‘लोक येतायत, बघू या’ एवढेच उत्तर मिळाले, तर नोंदच ठेवली जात नाही असे धरून चालायला हरकत नाही, आणि ज्याच्याकडे नोंद नाही तो पाठपुरावाही करत नसतो.

सोबत आपणही दोन गोष्टी पडताळाव्यात. पहिली म्हणजे आपली जाहिरात अनोळखी माणसाच्या नजरेने उघडून पाहावी: पहिले छायाचित्र उजेडात काढलेले आहे का, क्षेत्रफळ बरोबर आहे का, खोल्यांचा नकाशा आहे का, आणि किंमत बदलली असेल तर ती सगळीकडे बदलली आहे का. दुसरी म्हणजे एखाद्या विश्वासू परिचिताला साधी चौकशी करायला सांगावी. फोन उचलला का, माहिती नीट दिली का, की आपल्या घराचे नाव काढताच दुसरेच घर पुढे केले, हे त्यातून समजते. फक्त घर पाहण्याची वेळ ठरवून कोणाला ताटकळत ठेवू नये. चौकशीपुरताच हा प्रयोग असावा.

किमतीचा प्रश्न टाळता येत नाही. काही एजंट घर आपल्याकडेच यावे म्हणून सुरुवातीला मालकाला सुखावणारा आकडा सांगतात आणि करार झाल्यावर काही आठवड्यांनी तो खाली आणण्याचा आग्रह धरतात. घराकडे सर्वाधिक लक्ष जाहिरात नवी असताना जाते, त्यामुळे ती पहिली संधी चढ्या किमतीत खर्ची पडली की नंतर कमी केलेली किंमतही लोकांना संशयास्पद वाटते. म्हणून शेजारच्या तत्सम घरांच्या मागितलेल्या किमती पाहून समाधान मानू नये. अलीकडे प्रत्यक्ष कोणत्या रकमेला व्यवहार झाले, ते पाहावे. तो आकडा आपल्या अपेक्षेपेक्षा बराच खाली असेल, तर माझ्या मते एजंटाशी भांडण्यापूर्वी किंमत सुधारावी, कारण चुकीच्या किमतीचे घर चांगला एजंटही विकू शकत नाही.

एजंट ढिला का पडतो, हे समजून घेतले की त्याच्याशी बोलणे सोपे जाते. घराची किंमत १०० भाग धरली आणि दलाली २ टक्के असली, तर घर १०० ऐवजी १०५ ला गेल्यावर मालकाच्या पदरात ४.९ भाग जास्त पडतात आणि एजंटाच्या खिशात फक्त ०.१ भाग. त्या ०.१ भागासाठी त्याने आणखी कित्येक आठवडे धावपळ करावी, अशी अपेक्षा दलालीची रचनाच निर्माण करत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ मध्ये असे दाखवले, की एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि तशाच घराला सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. याचा अर्थ एजंट अप्रामाणिक असतात असा नाही. दुसऱ्याचे घर विकताना त्यांचा ओढा थांबण्याकडे नसून सौदा लवकर उरकण्याकडे असतो, एवढाच आहे. पण मग ज्याला झटपट सौदा हवा असतो तोच माणूस हात हलवत नसेल, तर या किमतीला घर जाणार नाही असे त्याला मनातून वाटते किंवा त्याच्याकडे याहून सहज खपणारी घरे आहेत. यातले कोणते खरे, हे त्याला थेट विचारावे. मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो शांतपणे विचारला तर बहुतेक वेळा खरे उत्तर मिळते.

ही भेट समोरासमोर घ्यावी आणि आकडे हातात ठेवून घ्यावी. आवाज चढवण्याची गरज नसते. ‘तुमच्या बाजूने काय अडचण आहे, आणि माझ्या बाजूने काही अडचण होते आहे का?’ असे दोन्ही विचारावे. कधी किल्ली वेळेवर मिळत नसते, कधी मालक फक्त रविवारीच घर दाखवायला तयार असतो, कधी घर पाहायला आलेल्या माणसांसमोर तो स्वतःच इतके बोलतो की त्यांना मोकळेपणी काही विचारता येत नाही. अशा गोष्टी एजंट भिडेखातर बोलत नाही, पण त्यांचा परिणाम मोठा असतो.

भेटीत जे ठरले ते त्याच दिवशी लिहून पाठवावे, साधारण असे: ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे या शनिवारपर्यंत घराची नवी छायाचित्रे काढून जाहिरात बदलली जाईल. प्रत्येक चौकशीला चोवीस तासांत उत्तर दिले जाईल आणि दर सोमवारी मला चौकश्यांचा व भेटींचा लेखी तपशील मिळेल. तीन आठवड्यांनी आपण पुन्हा बसून पुढचा निर्णय घेऊ.’ या पत्रात दोषारोप नसतो, पण मुदत असते आणि नोंद होते. पुढे करार मोडण्याची वेळ आली, तर हीच नोंद कामाला येते. तीन आठवडे हा कालावधी मला रास्त वाटतो. त्याहून कमी वेळात बदललेल्या जाहिरातीचा परिणाम दिसत नाही, आणि त्याहून जास्त थांबले की मुदतीला अर्थ राहत नाही.

काही परिस्थितींत मात्र ही सवलत देऊ नये. गिऱ्हाइकाने बोलून दाखवलेली एखादी रक्कम एजंटाने आपल्यापासून लपवली असेल किंवा घर घेऊ पाहणारा माणूस त्याचा नातेवाईक किंवा भागीदार असूनही त्याने ते सांगितले नसेल, तर हा ढिलेपणा नसून विश्वासघात आहे. मालकाकडे आणि घेणाऱ्याकडे, दोन्हीकडून गुपचूप पैसे घेणेही त्याच जातीचे आहे. अशा वेळी लेखी जाब मागावा, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि एजंटांची नोंदणी किंवा परवाना जिथे असतो तिथे तक्रार करावी.

मुदत संपली आणि काहीच हलले नाही, तर वेगळे होण्याचा विचार करावा, पण एजंटाला फोन करण्यापूर्वी करार काढून नीट वाचावा. तो कोणत्या प्रकारचा आहे, यावर बरेच अवलंबून असते. खुल्या करारात अनेक एजंटांना काम देता येते आणि जो गिऱ्हाईक आणेल त्यालाच दलाली मिळते. एकाच एजंटाचा करार असेल, तर दुसऱ्या एजंटाला नेमता येत नाही, मात्र मालकाने स्वतः गिऱ्हाईक शोधले तर सहसा दलाली द्यावी लागत नाही. विक्रीचा संपूर्ण हक्क एका एजंटाला देणाऱ्या करारात मात्र मालकाने स्वतःच्या भावाला घर विकले तरी दलाली देय होऊ शकते. मालकांना याची कल्पना बहुधा सही केल्यानंतर येते, याचे मला फार वाईट वाटते, कारण एका वाक्याचा फरक असतो आणि तो आधी वाचला तर वाटाघाटीत सहज बदलून घेता येतो.

त्यानंतर कराराची मुदत आणि सूचनेचा (करार संपवण्याच्या नोटिशीचा) कालावधी पाहावा. मुदत संपल्यावर करार आपोआप वाढतो का, सूचना कोणत्या स्वरूपात द्यायची आणि लवकर बाहेर पडल्यास जाहिरातीचा किंवा छायाचित्रांचा खर्च भरावा लागतो का, हे टिपून ठेवावे. काही करारांत असेही लिहिलेले असते, की घेण्यास तयार आणि समर्थ गिऱ्हाईक एजंटाने आणून दिले की व्यवहार पुढे पूर्ण झाला नाही तरी दलाली द्यावी लागेल. आणि सर्वांत जास्त नुकसान ज्याने होते ते कलम म्हणजे नंतरच्या हक्काचे: करार संपल्यानंतरही ठरावीक काळात जुन्या एजंटाने ओळख करून दिलेल्या माणसाला घर विकले, तर त्याची दलाली शाबूत राहते. नव्या एजंटामार्फत तोच माणूस परत आला, तर दोघांनाही दलाली देण्याची पाळी येऊ शकते. यावर उपाय असा, की निरोप घेताना जुन्या एजंटाकडून त्याने प्रत्यक्ष घर दाखवलेल्या माणसांची यादी तारखांसह लेखी मागावी आणि ती नव्या एजंटाशी करार करण्याआधीच त्याला द्यावी. जुन्या कराराची सूचना-मुदत पूर्ण होईपर्यंत नव्या करारावर सही करू नये, मग घाई कितीही असो.

एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलणी निर्णायक टप्प्यावर आली असतील, तर तेवढ्यापुरते थांबावे. त्या वेळी एजंट बदलणे म्हणजे हातातला सौदा स्वतःच अडवणे ठरते.

सूचना देण्याचे पत्र छोटे असावे. कराराची तारीख, सूचनेचे कलम, करार ज्या दिवशी संपतो तो दिवस, आणि त्या दिवशी जाहिराती व फलक काढावेत, किल्ल्या व कागदपत्रे परत करावीत, एवढा मजकूर पुरतो. कारणांची उजळणी केली की वाद वाढतो. पत्र पोहोचल्याचा पुरावा ठेवावा. छायाचित्रे कोणाच्या मालकीची आहेत हेही विचारून घ्यावे, कारण ती एजंटाने काढून घेतलेली असतील तर पुन्हा वापरता येतीलच असे नाही, आणि तशीही नवी छायाचित्रे काढणेच बरे.

नवा एजंट निवडताना किमान तिघांना घर दाखवावे. सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याला काम देण्याचा मोह आवरून, तो आकडा कोणत्या प्रत्यक्ष व्यवहारांवर बेतला आहे ते विचारावे. घर दाखवायला स्वतः तो येणार की कार्यालयातला नवखा मुलगा, आणि सध्या त्याच्याकडे किती घरे आहेत, हेही विचारावे. दलालीत एखाद्या अंशाची घासाघीस करण्यापेक्षा ती टप्प्यांची करून घेणे मला अधिक उपयोगी वाटते: ठरलेल्या रकमेपर्यंत नेहमीचा दर आणि त्यावर मिळणाऱ्या प्रत्येक रकमेवर चढा दर, म्हणजे वर सांगितलेला ०.१ भागाचा हिशेब थोडा तरी बदलतो. कराराची मुदत कमी ठेवावी, आणि चौकश्यांचा साप्ताहिक लेखी तपशील, तसेच तो सलग दोन आठवडे न मिळाल्यास दंडाशिवाय बाहेर पडण्याचा हक्क, या दोन अटी सहीपूर्वीच करारात घालून घ्याव्यात.