आवडत्या गायकाची ढब गळ्यावर चढवताना

अख्खं गाणं घेऊ नका, दोन ओळी घ्या. आठवडाभर पुरतात. आणि हुबेहूब तसाच आवाज काढायचा खटाटोप पहिल्याच दिवशी सोडा. आवाजाचा पोत घसा, तोंड आणि नाकाच्या घडणीवर ठरतो, तो उसना मिळत नाही. सवयी मात्र उचलता येतात: सूर कसा लावतो, श्वास कुठे घेतो, शब्द कसा सोडतो.

आधी पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते. गाणं काळी ४ मधलं (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’) आणि तुमचा गळा काळी १ चा असेल, तर मूळ पट्टीचा हट्ट नको. तानपुरा ॲपवर आपली पट्टी लावा. ओळीतला सर्वांत वरचा सूर हनुवटी न उचलता लागला पाहिजे आणि सर्वांत खालचा नुसती हवा न होता ऐकू आला पाहिजे.

मग ओळी कागदावर सुट्या सुट्या लिहा. हेडफोन लावून निदान १० वेळा ऐका, पण दर वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष. श्वास ऐकू येतो तिथे स्वल्पविराम. सूर खालून कण घेऊन, म्हणजे खालच्या सुराला ओझरता स्पर्श करून लागत असेल तर टिंब. मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याला, वाकडी रेघ. लांबवलेला सूर पहिल्यापासून कंप पावतो, की आधी सरळ राहून शेवटी हलतो? गायकाची ओळख बरेचदा इथेच असते, आणि नक्कल करणारे सुरुवातीपासून आवाज हलवत सुटतात.

हरकत (सुरांची छोटी झटपट सजावट) कळत नसेल तर प्लेअरचा वेग ०.५ करा, बहुतेक प्लेअरमध्ये पट्टी बदलत नाही. समजा शब्दाच्या शेवटी ‘रे ग रे सा’ अशी मुरकी, म्हणजे सुरांचं जलद छोटं वळण आहे. आधी सरगम म्हणा: मात्रेला एक सूर, मग दोन, मग चार. नंतर आकारात (नुसत्या ‘आ’वर), सर्वांत शेवटी शब्दात. थेट शब्दावर उडी मारली की सूर एकमेकांना चिकटतात आणि मुरकीची मींड होते. ०.७५ वेगाला सलग तीनदा स्वच्छ आली की मूळ वेग.

‘आ’ नीट ऐका. कुणी तो जबडा सैल सोडून मोकळा लावतो, कुणी ‘ओ’कडे झुकवतो. हा झुकाव जमला की पोत वेगळा असूनही गाणं ओळखीचं वाटू लागतं.

मोबाइल दीड-दोन फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि मूळ ओळीच्या लगेच मागे लावून ऐका. गाताना आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, म्हणून तेव्हाचा अंदाज फसवा असतो. मूळ गाण्यातला घुमारा पुष्कळदा रिव्हर्बचा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये घातलेल्या घुमण्याच्या परिणामाचा असतो, तो गळ्यातून काढायला गेलात तर श्वास अपुरा पडेल.

एका बैठकीला २० मिनिटं पुरे. घसा खवखवला की थांबा, कुठेतरी आवाज दाबून काढताय.

या ओळी बसल्या की त्याच गायकाचं दुसऱ्या संगीतकाराकडचं, वेगळ्या लयीतलं गाणं घ्या. तुमच्या कागदावरच्या ज्या खुणा तिथेही सापडतील त्या बहुधा गायकाच्या. बाकीच्या चालीतून आलेल्या असू शकतात.