जुनी कंबरदुखी: औषधाच्या डब्याआधी काय काय करून बघायचं

सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुवायचं आणि सरळ होताना कंबरेत अशी चमक निघायची की एक हात बेसिनच्या काठावर टेकून, श्वास रोखून, इंच इंच वर यायचं. हे मी जवळजवळ दोन वर्षं रोज केलंय. तेव्हा कोणीतरी नीट बसवून सांगायला हवं होतं की नक्की काय चाललंय, ते आज मी तुम्हाला सांगतेय.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही प्लीज टाळून पुढे जाऊ नका. कंबरदुखीसोबत लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी होईनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला किंवा पाय लुळा पडायला लागला तर घरगुती उपाय वगैरे काही नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. ताप येतोय, वजन आपोआप घटतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय किंवा रात्री पडून राहिलं तरी दुखणं जराही कमी होत नाही, अशा वेळीही आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर.

यातलं काही नसेल आणि दुखणं १२ आठवड्यांच्या वर गेलं असेल तर त्याला क्रॉनिक म्हणतात. अशा बहुतेक लोकांमध्ये एकच ठराविक कारण सापडतच नाही, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण ही चांगली बातमी आहे, कारण याचा अर्थ मोडलंय तुटलंय असं काही नाही. एमआरआयमध्ये "चकती (म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ गादी) बाहेर आलीये" असं लिहून आलं की माणूस खचतो, मी पण खचले होते, पण ज्यांना अजिबात दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांमध्ये फुगलेली चकती दिसते आणि ऐंशीच्या घरात तर ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे रिपोर्टमधलं वाक्य आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही.

मग दुखतं का? तर सुरुवातीला कधीतरी लचक भरते, उसण भरते, ती जागा बरी होते, पण तोपर्यंत मेंदू आणि नसा सावध होऊन बसलेल्या असतात. जरा वाकलं की धोका, जरा बसलं की धोका. मग आपण घाबरून हालचाल कमी करतो, स्नायू आखडतात, ताकद जाते, झोप बिघडते, आणि झोप बिघडली की तेवढंच दुखणं दुप्पट वाटतं. हे चक्र तोडायचंय. जुन्या कंबरदुखीत दुखणं म्हणजे दरवेळी नवीन इजा नाही, हे एकदा मनात पक्कं बसलं की अर्धी भीती तिथेच कमी होते.

दुसरं म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या. मोठ्या माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळपास नसतोच, तिला पोषण आजूबाजूने झिरपून मिळतं आणि हालचालीने त्याला मदत होते. म्हणून पडून राहून कंबर बरी होत नाही. रात्री पडल्यावर याच चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण एक-दोन सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच, आणि फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. माझ्या बेसिनचं कोडं इथे सुटलं! तेव्हापासून उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून काही उचलायचं नाही, आणि तोंड धुताना एक पाय छोट्या स्टुलावर ठेवून गुडघ्यातून जरा झुकायचं. उठताना पण एकदम ताडकन बसायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं.

आता मुख्य उपाय, चालणं. साधं वाटतंय म्हणून सोडू नका. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर, ज्यांची कंबर नुकतीच बरी झाली होती अशांवर, एक ट्रायल झाली आणि २०२४ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्यांना हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं त्यांच्यातल्या निम्म्या लोकांची कंबर परत धरायला साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांमध्ये हाच आकडा ११२ दिवस होता.

करायचं कसं तर दोन दिवस नुसतं घड्याळ बघा, चालायला लागल्यावर किती मिनिटांनी दुखणं वाढतं. समजा १५ मिनिटांनी वाढलं, तर तुम्ही १० पासून सुरू करा, दिवसातून दोनदा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. बरं वाटलं त्या दिवशी जोशात तासभर चालायचं आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, ही चूक जवळपास सगळेच करतात, मी तर कितीदा केली. बऱ्या दिवशी पण ठरलेलंच चाला आणि वाईट दिवशी थोडं कमी का होईना पण चाला. चालताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर मात्र दोन पावलं मागे या.

याच्या जोडीला ताकदीचे दोन व्यायाम. पहिला, रांगायच्या पोझिशनमध्ये या, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, पाठ टेबलासारखी सपाट, ७-८ सेकंद धरा, मग बाजू बदला. पाय वर उचलायचा नाही, मागे लांब करायचा, सगळे इथेच चुकतात आणि मग कंबरेत खड्डा पडतो. दुसरा म्हणजे सेतुबंधासन, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि नितंब आवळून वर उचलायचे. दोन्ही पाच-सहा वेळा पुरे. योगासनं आवडत असतील तर उत्तम, पण सुरुवातीला पाय सरळ ठेवून पुढे वाकायची आसनं नकोत.

शेक घ्या, १५-२० मिनिटं, कपड्यावरून, आणि पिशवी लावून झोपी जाऊ नका. मसाजने पण बरं वाटतं. पण या दोन्हीचा आराम काही तासांचाच असतो, म्हणून शेक झाला की लगेच चालायला निघायचं, तो आराम तिथे वापरायचा. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम काहींना उपयोगी पडतं, फक्त नंतर हात धुवा आणि त्यावर शेक देऊ नका. कंबरेचा पट्टा मात्र रोज नको, जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या गाइडलाइनमध्ये पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरायचा उपचार) दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असंच सांगितलंय.

आणि नॅचरल म्हणून कुठल्याही गोळ्या घेऊ नका हो. उदाहरणार्थ, दुखण्यावर घेतली जाणारी पांढऱ्या विलो या झाडाची साल, तिच्यातलं सॅलिसिन हे अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं आहे, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते महागात पडू शकतं.

झोपेला मी आता व्यायामाइतकाच मान देते. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी, फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक, आणि पडल्यावर दहा मिनिटं श्वास, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर.

हे सगळं करूनही मधेच एखाद्या दिवशी कंबर परत धरणार. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका. त्या दिवशी शेक, पाच-पाच मिनिटांचं चालणं चार वेळा, व्यायाम निम्मे, आणि दोन-तीन दिवसांत परत आपल्या ठरलेल्या मिनिटांवर या.