गिअर नॉबवर फॉगलॅम्पचं बटण: गाडी उघडण्याआधीची तयारी

सगळं सामान समोर मांडल्याशिवाय कन्सोलला, म्हणजे गिअरभोवतीच्या प्लास्टिकच्या खोक्याला, हात लावू नका. मधेच काही अडलं, तर अर्धी उघडी गाडी घेऊन बाजारात जाता येत नाही.

पहिला नॉब. मूळ नॉब जपून ठेवा; भोक पाडायला त्याच आट्यांचा दुसरा घ्या, दुकानात मूळ नॉब नेऊन जुळवा. दांडा किती आत जातो ते पेन्सिल घालून मोजा, बटणाचं बूड त्याच्या वर मावायला हवं. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल तर हा बेत सोडा, वायर रिंगेत चेमटते. ऑटोमॅटिक गाडीत तर नकोच. तिथलं बटण शिफ्ट-लॉकचं, म्हणजे गिअर अडकवून ठेवणाऱ्या कुलपाचं असतं.

बटण 12 मिमीचं, दाबलं की दबून राहणारं आणि पृष्ठभागाशी सपाट घ्या. जागा नॉबच्या उजव्या बाजूला, डाव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे. वर बसवलंत तर गिअर टाकताना तळहातानंच दिवे लागतील. भोक आधी 3 मिमीचं, मग स्टेप ड्रिलनं (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या बिटनं) हळू वाढवा. वेग जास्त झाला की प्लास्टिक वितळून कडा फुगते.

रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, विसरू नका. 55 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त ओढतात आणि एवढंसं बटण साधारण दोन-तीनच सोसतं. थेट जोडलं तर त्याचे पॉइंट चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. चार पिनांचा 30 अँपिअरचा रिले घ्या. पिनांवर आकडे छापलेले असतात: 30 नंबरच्या पिनेला बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवलेल्या 15 अँपिअर फ्यूजमधून करंट, 87 वरून दिव्यांना, 86 ला पार्किंग लाइटच्या फ्यूजवरून, आणि 85 बटणातून अर्थिंगला. बटण अर्थिंगच्या बाजूला ठेवण्याचं कारण आहे: वायर घासून दांड्याला टेकली तरी फार तर दिवे लागतील, जळणार काही नाही. मात्र अर्थिंग दांड्यावरून घेऊ नका, रबरी बुशांमुळे ते भरवशाचं नसतं. वेगळी वायर बॉडीच्या बोल्टला न्या.

नॉबपर्यंतची वायर 0.5 चौरस मिमीची, बारीक तारांची, मऊ असू द्या. डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, नॉबच्या आतच ठेवा, वर हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. वाकणाऱ्या जागी डाग आला की त्याच्या काठाशी वायर तुटते. नॉब फिरवून बसतो, त्यामुळे जोडलेल्या वायरला पीळ बसतो. म्हणून गिअरच्या बूटखाली, म्हणजे दांड्याभोवतीच्या मऊ आवरणाखाली, दोन पिनांचा कनेक्टर हवाच: आधी नॉब बसवून चेकनटनं (नॉब फिरू नये म्हणून त्याखाली आवळायच्या नटनं) घट्ट करा, मग कनेक्टर लावा.

बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढायला 10 मिमीचा पाना लागतो. काढल्यावर काही मिनिटं थांबा. कन्सोलखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हलवू नका. बूट बंद करण्याआधी पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा. दांडा सर्वात लांब जातो त्या स्थितीतही वायर चार-पाच सेंटीमीटर सैल राहिली पाहिजे. बटण दाबून ठेवून, मल्टिमीटरचा बझर लावून हे करा. कुठल्याही गिअरला आवाज तुटला तर वायर तिथेच ताणतेय.